राष्ट्रपतींचे कार्यकाळ लक्षात ठेवायची ८० सेंटिमीटरची पट्टी

"मले यादी पाठ आहे सर, पण मधातून विचारलं का अटकते."

आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीचं हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं आणि त्यातूनच ही पट्टी तयार झाली. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत दोन ट्यूबलाइट, चार बाकडी आणि पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक अशा परीक्षांची तयारी करणारी पंधरा-वीस पोरं-पोरी. संध्याकाळी मी तिथे सामान्य ज्ञान घेतो. त्या मुलीला डॉ. राजेंद्रप्रसादांपासून द्रौपदी मुर्मूंपर्यंत पंधराही नावं एका दमात म्हणता येत होती. मी विचारलं, "१९६८ साली राष्ट्रपती कोण?" ती बोटांवर मोजायला लागली. राजेंद्रप्रसाद, राधाकृष्णन, झाकीर हुसेन... आणि तिसऱ्या बोटावर थांबली. अडुसष्ट साल झाकीर हुसेनांच्या काळात येतं की गिरींच्या, हे तिला तिची यादी सांगतच नव्हती.

यात तिची चूक नाही. यादीत प्रत्येकाला एकच ओळ मिळते, मग तो माणूस बारा वर्षं पदावर असो की दोन वर्षं. नावांचा क्रम कळतो, पण कोणी किती जागा व्यापली ते कळत नाही. कालपट्टीवर मात्र बारा वर्षांना बारा सेंटिमीटर आणि दोन वर्षांना दोन सेंटिमीटर मिळतात. एकदा डोळ्यांनी ती जागा पाहिली की साल कुठूनही विचारा, बोट बरोबर तिथे जातं.

आणखी एक गोष्ट पट्टी काढल्यावरच दिसते. पंधरा राष्ट्रपती म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या मिळून तीस तारखा, असं वाटून मुलं घाबरतात. खरं तर २६ जानेवारी १९५० सोडली तर शपथेच्या तीनच तारखा फिरून फिरून येतात आणि त्या का बदलल्या याची दोनच कारणं आहेत. ती दोन कारणं समजली की बाकीचं गणित तुमचं तुम्हीच मांडू शकता.

सामान आणि रेघ

झेरॉक्सच्या दुकानातून ए-फोर आकाराचे तीन कोरे कागद आणा. घरात ३० सेंटिमीटरची फूटपट्टी, पेन्सिल, दोन रंगांचे पेन आणि डिंक असेलच. कागद आडवे ठेवून एकापुढे एक चिकटवा आणि प्रत्येक जोडाला एक सेंटिमीटर कागद दुसऱ्यावर चढवा. ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे जोड वजा जाता साधारण ८७ सेंटिमीटरची पट्टी तयार होते. डावीकडे तीन सेंटिमीटर मोकळे सोडा, त्यांचं काम पुढे आहे. मग मधोमध ८० सेंटिमीटरची सरळ रेघ मारा.

एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष. शून्यावर १ जानेवारी १९५०, ऐंशीवर १ जानेवारी २०३०. दर दहा सेंटिमीटरला ठळक खूण करून १९६०, १९७०, १९८० अशी सालं लिहा आणि मधल्या पाचांवर बारीक खूण करा. फूटपट्टी तिसाच्या पुढे सरकवताना खूण हलू देऊ नका. तिथे दोन मिलिमीटर घसरले तर पुढची सगळी गाडी घसरते.

नावं इतक्यात लिहायची नाहीत. बहुतेक जण इथेच घाई करतात.

मोबाइलवर तयार टाइमलाइन मिळते, मग हे कशाला, असं मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. मोबाइलच्या पडद्यावर एका वेळी चार बोटं जागा दिसते. १९५० पाहताना १९७७ दिसत नाही, आणि या विषयात सगळी गंमत दूरच्या दोन जागा एकत्र पाहण्यात आहे. शिवाय हाताने मोजून मारलेली रेघ विसरायला फार वेळ लागतो.

आता महिन्यांचं पाहू. एका वर्षाचे दहा मिलिमीटर, म्हणजे एक मिलिमीटर साधारण ३६ दिवसांचा. आपल्याला चारच जागा लागतात. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा म्हणजे १ मिलिमीटर, मेचा पहिला पंधरवडा साडेतीन, जुलैचा शेवट साडेपाच आणि ऑगस्टचा शेवट साडेसहा. हे चार आकडे पट्टीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

तीन तारखा, दोन सांधे

रेल्वेचा सांधा बदलला की गाडी दुसऱ्या रुळावर जाते. राष्ट्रपतींच्या शपथविधीची तारीख आतापर्यंत अशी दोनदा रूळ बदलून गेली आहे. पहिला रूळ १३ मेचा, दुसरा २४ ऑगस्टचा आणि तिसरा २५ जुलैचा, ज्यावर आपण आजही आहोत.

पहिल्या रुळापासून सुरुवात करा. संविधान सभेने २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांची निवड केली आणि २६ जानेवारीला, प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी, त्यांनी पद स्वीकारलं. पट्टीवर ही खूण शून्याला जवळजवळ चिकटूनच येते. पण तेव्हा संसद आणि विधानसभा निवडणुकीने तयार झालेल्या नव्हत्या. राष्ट्रपतींना निवडून देतात ते संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य. म्हणून पहिली सार्वत्रिक निवडणूक झाल्यावर १९५२ मध्ये राष्ट्रपतिपदाचीही रीतसर निवडणूक झाली आणि राजेंद्रप्रसादांनी १३ मे १९५२ रोजी पुन्हा शपथ घेतली. पाच वर्षांनी, १३ मे १९५७ रोजी, तिसऱ्यांदा. ते उतरले १३ मे १९६२ ला. माणूस एक, शपथा तीन आणि काळ बारा वर्षांहून थोडा जास्त.

म्हणून पट्टीवर ० पासून १२ सेंटिमीटर साडेतीन मिलिमीटरपर्यंत एकच रंग भरा आणि आत १९५२ व १९५७ च्या जागी बारीक खाचा दाखवा. त्यांच्याइतका लांब तुकडा पट्टीवर दुसऱ्या कोणाचाच नाही. दोनदा निवडून आलेला दुसरा राष्ट्रपतीही आजवर झालेला नाही.

त्यापुढे डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन, १३ मे १९६२ ते १३ मे १९६७, नेमके पाच सेंटिमीटर. मग डॉ. झाकीर हुसेन. त्यांची खूण १७ सेंटिमीटर साडेतीन मिलिमीटरवर सुरू करा. नियमाप्रमाणे ती २२ वर संपायला हवी होती. ती १९ वरच संपते.

त्या तीन मिलिमीटरमध्ये काय झालं

३ मे १९६९ रोजी झाकीर हुसेन यांचं पदावर असतानाच निधन झालं. त्यांचा तुकडा दोन सेंटिमीटरलाही भरत नाही. पुढचे राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी शपथ घेतली २४ ऑगस्ट १९६९ ला. पट्टीवर या दोन तारखांत जेमतेम तीन मिलिमीटर जागा उरते, नखाच्या टोकाएवढी. माझ्या अनुभवात मुलांचे सर्वांत जास्त गुण याच जागेत जातात.

म्हणून इथून एक बाण खाली काढा आणि पट्टीच्या तळाशी दहा सेंटिमीटरचा मोठा चौकोन करून त्यात हा काळ मोठा करून लिहा.

३ मेला उपराष्ट्रपती होते व्ही. व्ही. गिरी. राष्ट्रपतिपद रिकामं झालं की उपराष्ट्रपतींनी काम पाहायचं, ही राज्यघटनेचीच सोय आहे. म्हणून गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. (प्रश्नपत्रिकेत 'कार्यवाहक' असाही शब्द येतो, अर्थ तोच.) पण गिरींना राष्ट्रपतिपदाची निवडणूक स्वतः लढवायची होती, म्हणून त्यांनी २० जुलैला राजीनामा दिला. आता राष्ट्रपती नाहीत आणि उपराष्ट्रपतीही नाहीत. अशा वेळेसाठी त्याच वर्षी संसदेने कायदा केला होता. त्याप्रमाणे भारताचे सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९ हे ३५ दिवस राष्ट्रपतींचं काम पाहिलं.

आपल्याकडच्या मुलांना हे नाव परकं वाटू नये. हिदायतुल्ला यांचं महाविद्यालयीन शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झालं, वकिली नागपूरच्या उच्च न्यायालयात झाली आणि १९५४ मध्ये ते त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. पुढे १९७९ ते १९८४ ते देशाचे उपराष्ट्रपतीही होते. सरन्यायाधीश, उपराष्ट्रपती आणि हंगामी राष्ट्रपती ही तिन्ही कामं केलेला हा एकच माणूस. चौकोनात त्यांच्या नावापुढे 'नागपूर' एवढं लिहिलं तरी मुलं ते नाव विसरत नाहीत.

आता चौकोनात अजून एक तारीख घाला, १९ जुलै १९६९. त्या दिवशी १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला. सही हंगामी राष्ट्रपती गिरींची, राजीनाम्याच्या आदल्या दिवशीची. त्या चौदांत बँक ऑफ महाराष्ट्र आणि सेंट्रल बँकही होत्या. आमच्या अभ्यासिकेत मी मुलांना घरून बापाचं पीककर्जाचं पासबुक आणायला सांगितलं होतं. चार-पाच जणांच्या पासबुकावर याच दोन नावांपैकी एक निघालं. ज्या कागदावर घरातल्या कर्जाचा आकडा असतो, त्याच कागदाशी १९६९ सालाचं नातं आहे हे पाहून पोरं गप्प झाली. ती तारीख मी त्यांना परत कधी विचारलेली नाही, गरजच पडली नाही.

निवडणुकीत गिरी अपक्ष उभे होते. समोर काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. या निवडणुकीत मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देतात. पहिल्या पसंतीच्या मतांत कोणालाच कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, मिळाला नाही, दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली आणि गिरी निवडून आले. असं फक्त त्याच एका निवडणुकीत झालं आहे. रेड्डींचं नाव लक्षात ठेवा. आठ सेंटिमीटर पुढे ते परत भेटतात.

इथे नवख्या मुलांना एक शंका हमखास येते आणि ती यायलाच हवी. झाकीर हुसेनांची मुदत १९७२ पर्यंत होती, मग गिरी १९७२ लाच का उतरले नाहीत? गावात एखाद्या ग्रामपंचायत सदस्याची जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक होते आणि निवडून आलेला सदस्य उरलेल्या मुदतीपुरताच असतो. आमदार-खासदारांचंही तसंच. राष्ट्रपतींचं तसं नाही. घटनेच्या कलम ६२ प्रमाणे पद मध्येच रिकामं झालं तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यायची आणि निवडून आलेल्याला पद स्वीकारल्यापासून पूर्ण पाच वर्षं द्यायची. म्हणून १३ मेचा रूळ तिथेच सुटला आणि २४ ऑगस्टचा सुरू झाला. पूर्ण विषयाची किल्ली या एका कलमात आहे. बाकी काही नाही वाचलं तरी हे वाचा.

दुसरा सांधा

गिरींनी पाच वर्षं पूर्ण केली, २४ ऑगस्ट १९७४ ला फखरुद्दीन अली अहमद आले. ११ फेब्रुवारी १९७७ रोजी त्यांचंही पदावर असताना निधन झालं. पट्टीवर २७ सेंटिमीटर १ मिलिमीटर. उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती हंगामी राष्ट्रपती झाले आणि २५ जुलै १९७७ पर्यंत, म्हणजे साडेपाच महिने, त्यांनी काम पाहिलं.

हे साडेपाच महिने साधे नव्हते. २५ जून १९७५ ला आणीबाणीच्या आदेशावर सही झाली ती फखरुद्दीन अली अहमद यांची. २१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठली तेव्हा राष्ट्रपतींच्या जागी होते जत्ती. मोरारजी देसाईंना २४ मार्चला पंतप्रधानपदाची शपथ दिली तीही जत्तींनीच. परीक्षेत हा प्रश्न फिरवून विचारला की यादीवाले फसतात, कारण त्यांच्या यादीत जत्ती नसतातच.

मग २५ जुलै १९७७ ला नीलम संजीव रेड्डी राष्ट्रपती झाले, या वेळी बिनविरोध. १९६९ मध्ये हरलेला उमेदवार आठ वर्षांनी विरोधकाविना निवडून आला. पट्टीवर १९६९ च्या चौकोनातून रेड्डींच्या तुकड्यापर्यंत पेन्सिलीची एक वाकडी रेघ नेऊन जोडा.

रंगांचं सांगायचं राहिलं. पदावर निधन झालेल्या दोघांच्या तुकड्याच्या शेवटी काळी उभी रेघ मारा. हंगामी काळ तिरप्या रेघांनी भरा, रंगाने नाही, आणि त्यांना क्रमांक देऊ नका. मागे एकदा आम्ही जत्रेतून भिंतीवर लावायचा एक तक्ता आणला होता. त्यात हंगामी राष्ट्रपतींनाही ओळीने क्रमांक दिले होते, त्यामुळे सगळा हिशोब सरकला आणि दोन मुलांनी सराव परीक्षेत 'दहावे राष्ट्रपती' चुकवले. राधाकृष्णन दुसरे, झाकीर हुसेन तिसरे, गिरी चौथे, अहमद पाचवे, रेड्डी सहावे. गिरी दोनदा दिसतात, पण क्रमांक एकदाच, २४ ऑगस्टपासूनचा.

१९७७ नंतर सगळं सोपं

पुढे पदावर कोणाचं निधन झालं नाही, कोणी मध्येच सोडलं नाही. म्हणून २५ जुलैचा रूळ बदललाच नाही. २७ सेंटिमीटर साडेपाच मिलिमीटरपासून पाच-पाच सेंटिमीटरचे तुकडे पाडत चला: रेड्डी १९७७, ग्यानी झैलसिंग १९८२, आर. व्यंकटरामन १९८७, डॉ. शंकरदयाळ शर्मा १९९२, के. आर. नारायणन १९९७, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम २००२, प्रतिभाताई पाटील २००७, प्रणव मुखर्जी २०१२, रामनाथ कोविंद २०१७, द्रौपदी मुर्मू २०२२.

सालाचा शेवटचा आकडा एक तर ७, नाही तर २. कोणतंही साल विचारलं की मागे सरकून जवळचं सात किंवा दोनवालं साल पकडायचं. २००५? मागे २००२, कलाम. १९९०? मागे १९८७, व्यंकटरामन. सालच सात-दोनवालं असेल तर महिना बघायचा. जून २०१२ म्हटलं तर प्रतिभाताई, ऑगस्ट २०१२ म्हटलं तर मुखर्जी. नावांची आद्याक्षरं जोडून केलेली वाक्यं मी शिकवत नाही. अशा वाक्यातलं एक अक्षर निसटलं की पुढची सगळी नावं एक घर सरकतात. पट्टीवर एखादं नाव आठवलं नाही तरी फक्त ती जागा रिकामी राहते, शेजारचे जागा सोडत नाहीत.

आपल्या मुलखाच्या खुणा

पट्टी इथपर्यंत झाली की बरेच जण ती घडी करून ठेवून देतात. मी म्हणेन की खरं काम आता सुरू होतं. रेघेच्या वर राष्ट्रपती आहेत, रेघेच्या खाली आपल्या भागातल्या घटना लिहा. आपल्या आठवणीतली घटना आणि दिल्लीतलं नाव समोरासमोर आलं की दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात.

१४ ऑक्टोबर १९५६, नागपूरला धम्मदीक्षा: राजेंद्रप्रसाद. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. तिन्ही खुणा राजेंद्रप्रसादांच्या लांब तुकड्याखालीच बसतात. ११ ऑक्टोबर १९६८, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण: झाकीर हुसेन. ज्या मुलीला अडुसष्ट साल अडलं होतं, तिच्या घरी मोझरीचा, म्हणजे महाराजांच्या आश्रमाचा, फोटो आहे, आजी सामुदायिक प्रार्थनेला बसते. ही एक खूण केल्यावर ते साल तिचं कायमचं झालं.

वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ मुख्यमंत्री होते. पुसदचा माणूस, म्हणून आमच्या जिल्ह्यात त्यांचा काळ म्हाताऱ्या माणसांना चांगला आठवतो. त्यांच्यासाठी १३ सेंटिमीटर ९ मिलिमीटरपासून २५ सेंटिमीटर १ मिलिमीटरपर्यंत खाली एक सलग पट्टा रंगवा. वर पाहा: राधाकृष्णन, झाकीर हुसेन, गिरी, अहमद. एका मुख्यमंत्र्याच्या काळात चार राष्ट्रपती आणि मधले हिदायतुल्ला वेगळे. बहात्तरचा दुष्काळ याच पट्ट्यात गिरींखाली येतो. एका संध्याकाळी मी शेजारच्या काकाजींना अभ्यासिकेत बोलावलं. पट्टीवर १९७२ ची जागा दाखवली तर ते म्हणाले, "इथं आम्ही लाल मिलोची भाकर खाल्ली, बाप्पा." मिलो म्हणजे तेव्हा परदेशातून आलेली लाल ज्वारी. एका मुलाने ते तसंच्या तसं तिथे लिहिलं, 'लाल मिलो'. गिरींचा कार्यकाळ त्या पोराला आता झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो.

तुमच्या जिल्ह्याप्रमाणे खुणा बदला. गडचिरोलीच्या मुलांनी २६ ऑगस्ट १९८२ ही जिल्हानिर्मितीची तारीख लिहावी. झैलसिंगांच्या शपथेला तेव्हा महिनाच झाला होता. वाशिम १ जुलै १९९८ आणि गोंदिया १ मे १९९९, दोन्ही जिल्हे नारायणन यांच्या काळातले. अमरावतीकरांना काही सांगायलाच नको. प्रतिभाताई १९९१ ते १९९६ अमरावतीच्या खासदार होत्या आणि २००७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या.

आणि डावीकडचे ते मोकळे तीन सेंटिमीटर. तिथे १९५० च्या आधीचं लिहा, मापाशिवाय. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद झाली. हाताने काम करत शिकायचं, या नई तालीमच्या कल्पनेचा आराखडा करायला तिथे एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. राष्ट्रपती होण्याच्या तीस वर्षं आधी हा माणूस आपल्या वर्ध्यात बसून खेड्यातल्या शाळेचा विचार करत होता. वर्धा आणि झाकीर हुसेन हे नातं विदर्भातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पंतप्रधानांची रेघ हवी का?

हवी, पण पहिल्या महिन्यात नको. दोन्ही एकदम केल्या तर नावं एकमेकांत मिसळतात. राष्ट्रपतींची पट्टी पक्की झाली की वर दोन बोटं जागा सोडून दुसरी रेघ मारा. ती मारल्यावर कोणत्या राष्ट्रपतींनी कोणाला शपथ दिली ते न पाठ करता दिसतं. व्यंकटरामन यांच्या पाच सेंटिमीटरवर विश्वनाथ प्रताप सिंग, चंद्रशेखर आणि नरसिंह राव असे तीन शपथविधी येतात. यातले नरसिंह राव आपल्या रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेलेले. शर्मांच्या पाच सेंटिमीटरवर वाजपेयी, देवेगौडा, गुजराल, पुन्हा तीन.

सराव कसा करायचा

पट्टी नुसती पाहून पाठ होत नाही, ती पुन्हा काढावी लागते. पहिल्या दिवशी पाहून काढा. दुसऱ्या दिवशी पाठकोऱ्या कागदावर फक्त रेघ आणि तीन रूळ न पाहता काढा, नावं नकोत. तिसऱ्या दिवशी नावं. मग आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी. चुकलेली जागा लाल पेनाने गोल करा आणि फक्त तेवढीच परत पाहा. चौथ्या-पाचव्या वेळेला पूर्ण पट्टी दहा-बारा मिनिटांत निघते.

प्रश्न मात्र दुसऱ्याने विचारायचे आणि मधातूनच विचारायचे. कापूस वेचणीच्या दिवसांत पोरींना अभ्यासाला वेळ मिळत नाही, सकाळपासून शेतात असतात. ती पहिली मुलगी रात्री ओट्यावर बसते, आई हात-पाय धुऊन पट्टी हातात धरते आणि बोट ठेवील ते साल विचारते. आईची शाळा सातवीपर्यंतची. "एकाहत्तर सांग. नव्याण्णव सांग. आता बासष्टचा दिवाळीचा महिना सांग." शेवटच्या प्रश्नाला मुलगी थांबते, मे महिना होऊन गेला हे मनात धरते आणि म्हणते, "राधाकृष्णन." आईला उत्तर माहीत असायची गरज नाही, पट्टी समोर असते. घरातलं कोणीही हे करू शकतं.

लहान मुलांसाठी दोरी

पाचवी ते आठवीच्या मुलांना मिलिमीटरच्या भानगडीत पाडू नका. त्यांच्यासाठी कपाशी लावताना शेतात खुणा केलेली दोरी धरतात तशी दोरी करा. आठ मीटर सुतळी, दर दहा सेंटिमीटरला गाठ, एक गाठ म्हणजे एक वर्ष. शाळेच्या आवारात दोन झाडांना ताणून बांधा. दर दहाव्या गाठीला रंगीत चिंधी. मुलांना नावांच्या चिठ्ठ्या द्या आणि आपापल्या गाठीवर जाऊन उभं राहायला सांगा. राजेंद्रप्रसाद झालेल्या मुलाला आपला तुकडा पुरता धरायला दोन्ही हात पसरावे लागतात. हिदायतुल्ला झालेल्या मुलीला एका बोटाची जागा मिळते, तरी ती तिथून हलत नाही. कोण कोणाच्या शेजारी उभं होतं, हे मुलांना वर्षानुवर्षं आठवतं.

मग त्यातल्या एखाद्याला आपलं जन्मसाल शोधायला सांगा, दुसऱ्याला आईचं, तिसऱ्याला आजीचं. आजी दोरीच्या बाहेर, झाडाच्याही पलीकडे गेली की वर्गात जो गलका होतो, तो होऊ द्या.

शेवटचं काम पट्टीच्या उजव्या टोकाचं. सध्याचा, मुर्मूंचा तुकडा ७२ सेंटिमीटर साडेपाच मिलिमीटरवर सुरू होतो. पाच सेंटिमीटर पुढे, ७७ सेंटिमीटर साडेपाच मिलिमीटरवर, २५ जुलै २०२७ अशी खूण करा. ती पेन्सिलीने करा, पेनाने नको. १९६७ मध्ये पट्टी काढणाऱ्याने १३ मे १९७२ ची खूण पेनाने केली असती, तर ती त्याला खोडता आली नसती.